खाटेवरून उठवायचं कुणी?

वस्तीत कुणाच्या अंगावरून वारं गेलं की पंधरा दिवस सगळी गल्ली धावते. रिक्षा, डबा, वर्गणी, कशालाच कुणी मागे राहत नाही. मग रुग्ण घरी येतो, त्याला भिंतीकडेची खाट मिळते आणि तिथून पुढे कुणाचं लक्ष नसतं. माझं म्हणणं या 'तिथून पुढे'बद्दल आहे.

म्हातारपणी लकवा झाला तर घरात कमावते हात असतात. पस्तिशीत झाला तर कमावता हातच जातो. मुलं शाळेत, भाडं चालू, बचत गटाचा हप्ता थकलेला. अशा घरांत मला दोन गोष्टी दिसतात. पुरुष आजारी असेल तर घास भरवण्यापासून बटण लावण्यापर्यंत सगळं बायको नाहीतर आई करते. बाई आजारी असेल तर महिन्याभरात तिला माहेरी पोचवलेलं असतं. नवऱ्याचं बायकोने करायचं आणि बायकोचं माहेराने, हा कुठला न्याय?

आणि त्या मायेनेही नुकसान होतं. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण त्याचं काही काम बाकीचा मेंदू शिकू शकतो. ते काम करत राहिलं तरच शिकतो. पहिले तीन ते सहा महिने यासाठी फार मोलाचे. पुढेही सुधारणा होते, पण हळू. म्हणून त्याला लसूण सोलायला द्या, मेथी निवडायला द्या, बटणाला अर्धा तास लागला तरी लागू द्या. लुळा हात धरून मात्र ओढून उठवू नका. खांदा सरकतो आणि दुखण्यापायी व्यायामच बंद पडतो. जेवण-पाणी आडवं ठेवून देऊ नका, सरळ बसवून द्या. तेलाच्या मालिशने बरं वाटतं, पण तो व्यायाम नव्हे. कबुतराचं रक्त चोळणाऱ्याला द्यायचे पैसे फिजिओथेरपीला जायच्या रिक्षासाठी ठेवा. बीपीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. तंबाखू आणि मिश्री आता घरातूनच जाऊ द्या. नाहीतर दुसरा झटका येण्याचा धोका वाढतो.

उजवी बाजू गेली की पुष्कळदा वाचाही जाते. शब्द सापडत नाहीत, म्हणून अक्कल गेली असं नाही. भेटायला आलेले त्याच्यादेखत म्हणतात, "आता याचं काय राहिलं?" तो ऐकत असतो. लकव्यानंतर दर तिघांपैकी साधारण एकाला उदासीनतेचा आजार होतो. रडणं, चिडणं, जेवण टाकणं याला नाटक म्हणू नका. त्यावर औषध आहे. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना हेही सांगा.

संडासाबद्दल बोलायला आपण लाजतो. ज्याचा एक पाय वळत नाही, तो सार्वजनिक संडासात उकिडवा बसणार कसा? त्याच्यासाठी घरातच पडदा लावून भांडं ठेवतात, मग तो पाणी कमी पितो, जेवण कमी करतो. मधे भोक असलेली कमोड खुर्ची मिळते, ती वर्गणीतून घ्या. आणि नगरसेवक मतं मागायला येईल तेव्हा वस्तीच्या संडासात एक उंच बैठक आणि धरायला दांडा मागा. विहाराचा हॉल सकाळी रिकामा असतो. आठवड्यातून दोनदा चार-पाच रुग्णांनी तिथे एकत्र व्यायाम करायला काय हरकत आहे? त्याआधी पायऱ्यांशेजारी उतार मात्र करावा लागेल.

आता कामाचं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी किंवा पालिकेच्या नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर कामावरून काढता येत नाही. झेपेल असं दुसरं काम त्याच पगारावर द्यावं लागतं. कायम सफाई कामगाराला हा आधार आहे. त्याच्याच शेजारी तोच कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराला ठेकेदार दुसऱ्या दिवशी बदली माणूस आणून मोकळा होतो. झाडू एक, रस्ता एक आणि कायदा निम्म्यांनाच, हे आपल्या संघटनांनी अजून पुरेशा जोराने विचारलेलं नाही. मला याचा राग आहे.

तरी कंत्राटी कामगारांनो, एक बघा. तुमचा ईएसआय भरला जात असेल, नोकरीला दोन वर्षं झाली असतील आणि ठरलेले हप्ते जमा असतील, तर अर्धांगवायू हा त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. त्यात पगाराच्या ८० टक्के रक्कम जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. मी भेटलेल्या एका छत्तीस वर्षांच्या कामगाराच्या घरी हे कुणालाच माहीत नव्हतं. कपात मात्र दर महिन्याला होत होती. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र काढा आणि संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करा. आणि ईएसआयचा नंबर आजच पगाराच्या पावतीवरून वहीत उतरवून ठेवा, घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा.