इन्व्हर्टरची बॅटरी घेताय? कंपनीच्या नावाआधी पाहा हे चार आकडे

मे महिन्याचा उकाडा असो वा वळवाच्या पावसात गेलेली वीज, इन्व्हर्टरच्या दुकानात प्रश्न एकच असतो : ‘कोणत्या कंपनीची बॅटरी चांगली?’ एक्साईड, अमरॉन, ल्युमिनस, लिव्हगार्ड, ओकाया अशी नावे समोर येतात. पण यातली प्रत्येक कंपनी स्वस्त आणि महाग अशा अनेक श्रेणींच्या बॅटऱ्या विकते. त्यामुळे एका कंपनीची स्वस्त आणि दुसरीची महाग बॅटरी शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी ठरते. बारा-पंधरा हजार रुपये मोजण्याआधी पुढचे चार आकडे विचारा.

१. क्षमता : सी-१० की सी-२०?

बॅटरीवर ‘१५० एएच’ लिहिलेले असते. एएच म्हणजे अँपिअर-अवर. सी-२० म्हणजे बॅटरी २० तासांत हळूहळू रिकामी करून मोजलेली क्षमता. यात फक्त साडेसात अँपिअर ओढले जातात. प्रत्यक्षात घरात दोन पंखे, तीन एलईडी दिवे आणि राउटर चालवले, तर इन्व्हर्टरमधील घट धरून भार सुमारे २३० वॅट होतो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तो सुमारे १९ अँपिअर ओढतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी जितक्या वेगाने रिकामी कराल, तितकी कमी वीज देते. म्हणूनच सी-२०ला १५० एएच असलेली बॅटरी सी-१०ला, म्हणजे दहा तासांच्या हिशेबाने, साधारण सव्वाशेचीच भरते. सोलरच्या बॅटऱ्यांवर बहुधा सी-१०चा आकडा असतो. तुलना एकाच मापाने करा.

२. वजन

गाडीच्या बॅटरीतल्या पातळ प्लेट काही सेकंद मोठा करंट देण्यासाठी असतात. रोज खोलवर रिकामी होणाऱ्या बॅटरीला जाड प्लेट लागतात. ट्युब्युलर बॅटरीत धन प्लेटचा पदार्थ नळ्यांमध्ये बंदिस्त असतो, त्यामुळे तो लवकर झडत नाही. शिसे जास्त, तर वजन जास्त. १५० एएचच्या उंच ट्युब्युलर बॅटरीचे आम्लासह वजन साधारण ५० किलोंच्या पुढे असते. मात्र मोठ्या डब्यात जास्त आम्ल भरूनही वजन वाढते. म्हणून आम्लाशिवायचे, म्हणजे कोरडे वजन विचारा.

३. आवर्तने

एकदा रिकामी होऊन पुन्हा भरली, की एक आवर्तन. माहितीपत्रकात ‘१,५०० आवर्तने’ दिसले, तर ती किती टक्के डिस्चार्जला, हे पाहा. समजा, एक बॅटरी ५० टक्के डिस्चार्जला १,५०० आवर्तने देते आणि दुसरी ८० टक्के डिस्चार्जला १,२००. गुणाकार केला, तर पहिली आयुष्यभरात ७५० वेळा पूर्ण रिकामी होण्याइतकी वीज देते, दुसरी ९६० वेळा. छोटा आकडा असलेली बॅटरी सरस ठरली.

४. वॉरंटीचा पहिला भाग

‘२४+२४’ म्हणजे पहिले २४ महिने बॅटरी मोफत बदलून मिळेल. पुढचे २४ महिने नव्या बॅटरीवर फक्त सवलत, तीही बहुधा छापील किमतीवर. बाजारात बॅटरी छापील किमतीपेक्षा कमी दरानेच मिळत असल्याने ही सवलत हातात फारशी येत नाही.

उदाहरण घ्या. १२ हजारांच्या बॅटरीवर ‘२४+२४’ आणि १५ हजारांच्या बॅटरीवर ‘४८+१२’ अशी वॉरंटी आहे. एकूण महिन्यांनी भागले, तर दोन्ही महिना २५० रुपयांना पडतात. मोफत बदलीच्या महिन्यांनी भागले, तर पहिली ५०० आणि दुसरी सुमारे ३१३ रुपयांना. तीन हजारांनी महाग दिसणारी बॅटरी इथे स्वस्त ठरते.

मग कंपनीला काहीच अर्थ नाही?

आहे, पण तो सेवेपुरता. एक्साईडचे कारखाने तळोजा, चिंचवड आणि अहिल्यानगरला आहेत, अमरॉन ही तिरुपतीच्या अमर राजा समूहाची, तर ल्युमिनस फ्रान्सच्या श्नायडरच्या मालकीची. तालुक्याच्या ग्राहकाला मात्र तक्रार केल्यावर माणूस किती दिवसांत घरी येतो, हे जास्त महत्त्वाचे. उष्णतेचाही हिशेब हवा. तापमान दहा अंशांनी वाढले, की बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. विदर्भात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली आणि डिस्टिल्ड वॉटर न घातलेली बॅटरी कोणत्याही कंपनीची असली, तरी लवकर जाणार.

किमतींची तुलना करताना दरपत्रकाची तारीख पाहा. सप्टेंबर २०२५मध्ये या बॅटऱ्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुनी बॅटरी विक्रेत्यालाच परत द्या. शिसे विषारी आहे, आणि २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

खरे तर हे चार आकडे ग्राहकाला विचारावे लागू नयेत. वॉरंटीचे एकूण महिने ठळक छापणाऱ्या कंपन्यांना सी-१० क्षमता, कोरडे वजन, ८० टक्के डिस्चार्जची आवर्तने आणि मोफत बदलीचे महिने तितक्याच मोठ्या अक्षरांत छापणे अवघड नाही. सरकारने ते बंधनकारक करावे. तोपर्यंत ज्या दुकानात या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळतील, तिथूनच बॅटरी घ्यावी.