कोळसा संपण्याआधी काम संपते



जगातला कोळसा, तेल आणि युरेनियम किती वर्षे पुरेल, असा विषय बैठकीत निघाला की कुणीतरी म्हणतेच, "ते दिल्लीवाले बघतील, तुम्ही कापसाच्या भावाचं बोला." आम्ही कापसाचेच बोलत आहोत. पऱ्हाटीला पाणी मोटारीने मिळते. मोटार विजेवर चालते, आणि आपल्याकडची बरीचशी वीज रामगुंडमला आणि मंचिर्यालजवळच्या जयपूर केंद्रात कोळसा जाळून तयार होते. 1 जानेवारी 2018 पासून शेतीला चोवीस तास मोफत वीज जाहीर झाली. ती शेतकऱ्याला मोफत आहे, पण कोळसा कुणालाच मोफत मिळत नाही.

युरियाचीही तीच गत. रामगुंडमचा जुना खत कारखाना 1980 मध्ये कोळशावर सुरू झाला आणि 1999 मध्ये बंद पडला. 2021 मध्ये तिथे नवा कारखाना सुरू झाला, तो नैसर्गिक वायूवर. देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा बाहेरून येतो. 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, जगभर वायू आणि खत महागले. आपल्याला गोणी जुन्या भावात मिळाली ती सरकारने अनुदानाचा भार उचलला म्हणून. असा भार दर वेळी उचलला जाईल, याची हमी कोण देणार?

आता संपण्याबद्दल. जमिनीतले इंधन एका दिवशी संपत नाही. आधी वरचे, सोपे आणि स्वस्त संपते. मग खोल जावे लागते आणि खर्च वाढतो. हबर्ट नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने 1956 मध्ये सांगितले होते की त्यांच्या देशातले तेलाचे उत्पादन 1970 च्या सुमारास शिखर गाठून उतरेल. 1970 मध्ये तसेच झाले. पुढे खडक फोडून तेल काढण्याचे तंत्र आले आणि 2018 मध्ये अमेरिकेने ते जुने शिखरही ओलांडले. म्हणून "अमुक साली सगळे संपणार" असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. पण "काही होत नाही" म्हणणाऱ्यावरही ठेवत नाही. त्याचे कारण आपल्या घराजवळच आहे.

गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यातला कोळसा डॉ. किंग यांना 1871 मध्ये येल्लंदूजवळ सापडला. सिंगरेणी हे कंपनीचे नाव 1920 पासूनचे. बेल्लमपल्ली, मंदमर्री, रामकृष्णापूर, श्रीरामपूर ही गावे खाणींनी वाढवली. 1956 मध्ये राजुरा तालुका आपल्या जिल्ह्यातून तिकडे गेला. तिथेही कोळसाच निघतो, फक्त कंपनी वेगळी. 2016 मध्ये आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा खाणी मंचिर्याल आणि आसिफाबादकडे गेल्या. सीमा बदलल्या, पण सोयरीक आणि नोकरी दोन्हीकडे राहिली. त्यामुळे खाणीचा प्रश्न आजही आपलाच आहे.

सिंगरेणीचे आकडे पाहा. 1990 च्या सुमारास कंपनीत एक लाखाहून जास्त कामगार होते आणि वर्षाचे उत्पादन दोन कोटी टनांच्या आत होते. 2023-24 मध्ये उत्पादन सात कोटी टनांवर पोहोचले आणि कायम कामगार उरले सुमारे चाळीस हजार. माल जवळपास चौपट झाला, माणसे तिसऱ्या हिश्श्यावर आली. भुयारी खाणीत हातांना काम होते. उघड्या खाणीत शॉवेल आणि डंपर काम करतात, आणि बाकीचे ठेकेदाराच्या माणसांकडे जाते. बेल्लमपल्लीच्या खाणी एकामागून एक बंद झाल्या, तेव्हा जगात कोळशाचा तुटवडा नव्हता. आणि सिंगरेणी 2025 मध्ये कोळसा काढायला ओडिशातल्या नैनी खाणीपर्यंत गेली. तिथले काम बेल्लमपल्लीच्या पोराला कसे मिळणार?

आदिलाबादकरांना दुसरे उदाहरणही नको. शहराच्या वेशीवरचा सरकारी सिमेंट कारखाना 1990 च्या दशकात थांबला. चुनखडी अजून जमिनीतच आहे, पण काम गेले ते गेलेच.

काही शिकलेली मंडळी म्हणतात, कोळसा गेला तर अणुवीज आहे. अणुविजेला आमचा आंधळा विरोध नाही. पण अनुभव विसरू नये. तारापूरचे केंद्र 1969 मध्ये सुरू झाले ते अमेरिकेच्या इंधनावर. 1974 च्या पोखरण स्फोटानंतर ते इंधन अडले आणि पुढे फ्रान्स, चीन, रशिया अशी दारे ठोठवावी लागली. देशातल्या बऱ्याच अणुभट्ट्यांना जड पाणी लागते. ते बनवणारा मणुगूरचा कारखानाही सिंगरेणीच्या कोळशावर चालत आला आहे. नल्लमलाच्या जंगलात युरेनियम शोधण्याला लोकांनी विरोध केला आणि 2019 मध्ये तेलंगणा विधानसभेने विरोधाचा ठराव केला. आज देशाच्या विजेत अणूचा वाटा सुमारे तीन टक्के आहे. 2047 पर्यंत एक लाख मेगावॅटचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. ते गाठले तरी खाणीतून निघालेल्या कामगाराला त्यात जागा मिळेल असे कुणी सांगितलेले नाही.

कोळसा उद्या बंद होणार नाही, हे आम्हालाही कळते. 2070 पर्यंत कर्बवायूचा हिशेब शून्यावर आणू, असे देशाने 2021 मध्ये जगाला सांगितले. तोवर कोळसा जळतच राहील. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षे म्हणजे एका माणसाची नोकरी. आज दहावीत असलेले आपले मूल निवृत्तीला येईल तेव्हा ते साल उजाडलेले असेल. 2017 च्या सिंगरेणीतल्या युनियन निवडणुकीत वारसा नोकरी हाच मोठा मुद्दा होता. बापाची नोकरी मुलाला मिळावी हे रास्त आहे, पण नातवाचे काय, हे कुणी विचारले नाही.

म्हणून येत्या निवडणुकांत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपण हे विचारावे.

एक, 2015 च्या कायद्याने स्थापन झालेल्या जिल्हा खनिज निधीतला किती पैसा खाणीच्या गावांतल्या नव्या रोजगारावर खर्च झाला? हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवाल का?

दोन, उघड्या खाणीचा खड्डा बंद होताना तो कोण भरणार, पाणी कुणाला मिळणार, आणि जमीन परत कुणाच्या नावावर येणार?

तीन, जयपूरच्या जलाशयावर सिंगरेणीने तरंगते सौर पॅनेल बसवले आहेत. तसेच पॅनेल आपल्या विहिरींवर आणि जिनिंगच्या छतांवर कधी येणार, आणि ते बसवण्याचे, दुरुस्तीचे शिक्षण आपल्या आयटीआयत मिळणार का?

चार, खाणीच्या जनसुनावणीची कागदपत्रे तेलुगूबरोबर मराठीत आणि गोंडीत मिळतील का? जे वाचताच येत नाही, त्यावर माणूस हरकत काय घेणार?

आणि थोडे घरातले. खाणीसाठी किंवा रस्त्यासाठी जमीन गेली की आलेला पैसा गाडी आणि लग्नात जातो, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तो पोरांच्या शिक्षणात आणि शेतीच्या पाण्यात घाला. निजामाच्या काळापासून आपण या मातीत आहोत. सरकारे बदलली, जिल्हे बदलले, आपण टिकलो, कारण शेत हातचे सोडले नाही. तहान लागल्यावर विहीर खोदणाऱ्यांत आपली गणना होऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.