काळ्या टेपखाली दडलेला रोध

मैसूरला १९६७ साली बनलेली माझ्या वडिलांची जावा मोटारसायकल मी अजून चालवतो. मध्यंतरी तिचा दिवा मिणमिणू लागला. कोणी म्हणाले, बॅटरी बदला. कोणी म्हणाले, मोठा बल्ब घाला. मला दोन्ही सल्ले चुकीचे वाटले. का, ते पाहा.

या गाडीची बॅटरी ६ व्होल्टची. २४ वॉटच्या बल्बमधून ४ अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे बल्बचा रोध दीड ओहम. परतीचा प्रवाह मात्र वेगळ्या तारेतून नव्हे, तर गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून येतो. तार सांगाड्याला जोडली आहे तिथे गंज चढून केवळ ०.३ ओहम रोध वाढला, तर बल्बला ५ व्होल्टच मिळतात. बल्बचा रोध तोच राहतो असे धरले, तर २४ वॉटचे सुमारे १७ वॉट होतात! बल्ब मोठा घातला की प्रवाह वाढतो आणि सांध्यावर वाया जाणारे व्होल्टही वाढतात. १२ व्होल्टच्या गाडीत हे नुकसान किती होईल, ते तुम्हीच काढा.

माझ्या गाडीत तिथे गंज नव्हता, रंग होता. आणि तो मीच हौसेने फासला होता! पॉलिश पेपरने घासून नट आवळला, दिवा लख्ख झाला.

वायरिंग नीटनेटके करायचे म्हणजे काळी टेप गुंडाळायची, असा समज आहे. टेपखाली खराब सांधा झाकला जातो, सुधारत नाही. आधी बॅटरीची तार सोडा, तारांची आकृती कागदावर काढा, मग एकेक सांधा साफ करा.

शिक्षकांनी ओहमच्या नियमाच्या प्रयोगात एक गंजका सांधा मुद्दाम ठेवावा आणि व्होल्टमीटर विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा.