कळ क्रमांक ३६

पाठचिकित्सेचा आरंभ लिपीपासून होतो, हे भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकास नव्याने सांगण्याचे कारण नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना विष्णु सीताराम सुकथनकरांनी हस्तलिखितांची विभागणी प्रामुख्याने लिपीच्या आधारे केली आणि १९३३ साली आदिपर्वाच्या उपोद्घातात त्यामागील भूमिका विस्ताराने मांडली. शारदा, बंगाली, ग्रंथ, मलयाळम ही तेथे नुसती अक्षरांची वळणे नव्हती. संहिता कोणत्या वाटेने आली याच्या त्या खुणा होत्या. आज जी संहिता निर्माण होते, ती लिपीत येण्यापूर्वी आणखी एका मुक्कामावरून येते. तो मुक्काम म्हणजे संगणकाचा कळफलक आणि त्याची भाषा जाणणारा परिचालन प्रणालीचा गाभा. हा प्रांत यंत्रज्ञांचा, आपला नव्हे, अशी वाङ्मयाभ्यासकांची समजूत असते. ती सोडून द्यावी अशी परिस्थिती आहे.

लिनक्स या प्रणालीचे उदाहरण घेणे सोयीचे, कारण १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेला तिचा गाभा, म्हणजेच कर्नेल, कोणासही उघडून वाचता येतो. यंत्राच्या प्रत्येक अवयवाशी बोलण्यासाठी या गाभ्यात एकेक दुभाषी नेमलेला असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या गोल जोडणीच्या कळफलकाचा दुभाषी ‘एटीकेबीडी’, तशाच माउसचा ‘पीएसमाउस’, यूएसबीने जोडलेल्या साधनांचा ‘एचआयडी’. गाभा बांधताना प्रत्येकाविषयी तीनांपैकी एक निर्णय करावा लागतो: त्याला गाभ्यातच विणून टाकावयाचे, मॉड्यूल म्हणून बाजूस ठेवून गरजेप्रमाणे बोलवावयाचे, की मुळातच वगळावयाचे. निर्णय दिसतो तितका किरकोळ नाही. यूएसबी कळफलकाचा दुभाषी मॉड्यूल म्हणून बाजूस ठेवला आणि यंत्र जागे होताना जी प्राथमिक शिदोरी बरोबर असते तीत त्याला घालावयाचे राहून गेले, तर कुलूपबंद डिस्क परवलीचा शब्द विचारते आणि उत्तर देणारा कळफलक मुका असतो.

हे दुभाषी गाभ्याला अक्षर कधीच सांगत नाहीत. ते सांगतात एक क्रमांक आणि एक मूल्य: कळ दाबली तर १, सोडली तर ०, दाबून धरली तर पुनरावृत्तीचे २. इंग्रजी कळफलकावर जेथे ‘ए’ छापलेले असते त्या कळीचा क्रमांक ३०, ‘जे’ची कळ ३६, डावीकडील शिफ्ट ४२. गाभ्याच्या मूळ संहितेत या क्रमांकांना रोमन अक्षरांची नावे दिलेली आहेत खरी, पण ती फसवी आहेत. १६ या क्रमांकाचे तेथील नाव ‘क्यू’, आणि फ्रेंच मांडणीत तीच कळ दाबली असता ‘ए’ उमटतो. क्रमांक जागेचा असतो, अक्षराचा नसतो. (माउस तर याहून निर्मम. तो आपण कोठे आहोत हेही सांगत नाही. आडवे किती सरकलो, उभे किती सरकलो, एवढेच कळवून थांबतो.)

या निरक्षरतेचे भारतीय भाषांवर मोठे उपकार आहेत. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इन्स्क्रिप्ट ही मांडणी प्रमाण ठरविली आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात तिला स्थान मिळाले. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांचा वर्णक्रम मूलतः एक, हे व्याकरणकारांना परिचित असलेले तत्त्व तिने बोटांपर्यंत आणले. २४, ३६, ३२, ५३, १८ या क्रमाने कळा दाबाव्या. वरच्या थरात देवनागरी मांडणी निवडलेली असेल तर ‘दर्या’ उमटतो. कन्नड निवडलेली असेल तर हीच अक्षरे कन्नड लिपीत, बंगाली असेल तर बंगालीत. गाभ्याच्या दृष्टीने तिन्ही वेळा घडले ते एकच. भारतीय साहित्य एक की अनेक, या वादावर परिसंवादांतून पुष्कळ कागद खर्ची पडला आहे. त्या पाच आकड्यांकडे मात्र कोणी पाहिले नाही.

आता त्याच क्रमात फक्त दुसऱ्या कळीच्या वेळी ४२ दाबून धरावी. उमटतो ‘दऱ्या’. समुद्राच्या जागी डोंगरांमधील खोलगट जागा आल्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेदही इतकाच, आणि एखाद्या सत्कारसमारंभाच्या वृत्तान्तात तो पुरेसा महाग पडू शकतो. ज्यांचे पटत नाही त्यांच्यात छत्तीसचा आकडा असतो असे मराठीत म्हणतात. येथे एकाच छत्तिसात दोन र गुण्यागोविंदाने नांदतात, मात्र ते नांदतात हे टंकलेखकाला ठाऊक असले पाहिजे. महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांत मराठीचे टंकन पुष्कळदा हिंदीत मुरलेल्या हातांनी होते, आणि हिंदीला या दुसऱ्या र ची गरज पडत नाही. तो हात ‘दर्या’ लिहितो आणि पुढे जातो. जुन्या पोथीत याला लेखकप्रमाद म्हटले असते आणि तळटीपेत नोंदविले असते.

तथापि गाभा सर्वस्वी निःपक्षपाती आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. कळफलकाकडून आलेली वार्ता गाभ्यात दोन वाटांना फुटते. एक वाट ‘ईव्हीडेव्ह’ नावाच्या वाहकामार्फत वरच्या, चित्रमय थराकडे जाते. तेथे मराठीसाठी विस्तारित इन्स्क्रिप्ट आहे आणि ‘कगप’ ही ध्वन्यनुसारी मांडणीही आहे. ‘कगप’ म्हणजे कन्नड गणक परिषद. मराठीने शेजारणीकडून घेतलेल्या वस्तूंच्या जुन्या यादीत ही एक नवी भर. दुसरी वाट गाभ्याच्या स्वतःच्या मजकुरी पडद्याकडे, म्हणजे कन्सोलकडे जाते, आणि त्या वाटेवर गाभा स्वतःच क्रमांकाचे अक्षर करतो. त्यासाठीचा तक्ता गाभ्यातच बांधलेला असतो, आणि तो अमेरिकी मांडणीचा आहे. तो बदलता येतो, हे खरे. पण देवनागरी तक्ता बसवूनही हाती फारसे लागत नाही. कन्सोलच्या टंकात फार तर ५१२ आकृत्या मावतात, आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या अलीकडे नेणे, अक्षरे जोडणे, रफार वर चढविणे, यांपैकी काहीही तो करीत नाही.

यूएसबीच्या मानकात तर हे उपेक्षेचे दप्तर अधिकच बोलके आहे. कळफलक कोणत्या देशाच्या मांडणीचा हे सांगण्यासाठी त्यात एक संकेतांक राखलेला आहे. २००१ च्या आवृत्तीतील यादीत १ ते ३५ पर्यंत नोंदी आहेत. अरबी, हिब्रू, फारसी, जपानी आहेत. तुर्कीला दोन जागा आहेत. ३४ व्या क्रमांकावर युगोस्लाव्हियाही आहे, जो देश त्याआधीच विघटित झाला होता. भारताच्या एकाही भाषेची नोंद नाही. बहुतेक कळफलक या जागी शून्य कळवून मोकळे होतात, म्हणून व्यवहारात कोणाचे अडत नाही. पण अडत नाही म्हणून कोणी विचारलेही नाही.

कन्सोलवर कविता कोण लिहितो, असा आक्षेप यावर घेतला जाईल. कोणी लिहीत नाही. परंतु बिघडलेले यंत्र दुरुस्त करावयाचे असते ते बहुधा कन्सोलवरच. फाइलीचे नाव मराठीत असले तर गाभ्याचा त्याला विरोध नसतो, त्याच्या लेखी ती केवळ बाइटांची मालिका. पण संकटसमयीच्या पडद्यावर ते नाव धड वाचता येत नाही आणि टंकिताही येत नाही. ज्या विभागाच्या हस्तलिखितांच्या प्रतिमा अशा यंत्रावर असतील, तेथील तंत्रज्ञ शहाणपणाने सर्व नावे रोमन लिपीत ठेवण्याचा सल्ला देईल, आणि सूचीचे देवनागरीपण त्या दिवशी संपेल.

म्हणून गाभ्याने मराठी शिकावी, अशी मागणी करण्यात अर्थ नाही; किंबहुना तसे होऊ नये. त्याची निरक्षरता हीच सर्व लिप्यांची समान भूमी आहे, आणि तेथे एखाद्या भाषेला जागा द्यावयाची म्हटली तर ती मराठीला मिळेल असे समजण्याइतका भोळेपणा कोणी बाळगू नये. मागणी करावयाची ती वरच्या थरांत आणि आपल्याच विभागांत. मराठीचे टंकन करणाऱ्या यंत्रावर कोणती मांडणी बसविली आहे, याची नोंद संपादित संहितेबरोबर असावी, जशी हस्तलिखिताच्या लिपीची असते. कारण ‘दऱ्या’ लिहिण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. शिफ्टसह ३६ दाबून मिळणारा ऱ, आणि साध्या र ला २७ क्रमांकाच्या कळीने नुक्ता लावून होणारा ऱ, हे दोन युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य ठरतात. तिसरी वाट र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशी आहे. पडद्यावर तीही हुबेहूब तशीच दिसते, पण युनिकोडच्या कोणत्याही प्रमाणीकरणाने ती पहिल्या दोहोंशी एकरूप होत नाही. शब्दसूची करणारा अभ्यासक एका रूपाचा शोध घेतो, यंत्र तेवढीच स्थळे दाखविते, आणि उरलेल्या दऱ्या त्याच्या प्रबंधात येत नाहीत.