न सापडणे आणि न शोधणे

व्हाइटफील्ड ही १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर वसलेली अँग्लो-इंडियनांची शेतवस्ती. बेंगळूरूच्या या पूर्व टोकाला आज संगणक-कंपन्यांची दाटी आहे. तेथील अभियंत्यांच्या अंगवळणी पडलेली एक सावधगिरी मात्र आपल्या साहित्य विभागांपर्यंत पोचलेली दिसत नाही, आणि तिच्यावाचून संशोधनाचे निष्कर्षच चुकण्याचा संभव आहे.

महाभारताची संहिता आता संगणकावर उपलब्ध आहे. उग्रश्रवा नैमिषारण्यात ऋषींना सांगतो, त्यात वैशंपायन जनमेजयाला, त्यात संजय धृतराष्ट्राला, आणि त्याच्याही पोटात कृष्ण अर्जुनाला. कथेत कथा किती खोल जाते हे पाहू इच्छिणारा अभ्यासक प्रत्येक निवेदनाच्या दोन्ही टोकांना कंसाची खूण करतो आणि ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ नावाचे शोधसूत्र लिहितो: उघडा कंस, मग अक्षरांचे तुकडे कितीही वेळा, प्रत्येक तुकड्यात अक्षरे कितीही, शेवटी मिटता कंस. येथेच घात होतो.

‘कितीही’च्या पोटात पुन्हा ‘कितीही’ आले की एकच मजकूर अनेक रीतींनी तोडता येतो. छंदःशास्त्राच्या वाचकाला हा हिशोब परका नाही. लघु-गुरूंनी तीस मात्रा भरण्याचे प्रकार हेमचंद्राच्या रीतीने मोजल्यास १३,४६,२६९ होतात. तुकड्याच्या लांबीवरचे बंधनच काढले, तर तीस अक्षरे तोडण्याचे प्रकार ५३,६८,७०,९१२ भरतात. मिटता कंस जागेवर असला तर काम क्षणात भागते; तो नसला, तर अनेक प्रचलित शोधयंत्रे प्रत्येक फाट्यावर मागे फिरून हे सारे प्रकार धुंडाळीत बसतात. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर कंपनीच्या एका शोधसूत्रात असेच मागे फिरणे बेसुमार वाढले आणि जगभरची असंख्य संकेतस्थळे २७ मिनिटे ठप्प झाली.

यंत्र अडकले तर निदान कळते तरी. अभ्यासकाला खरा धोका आहे तो यंत्र गप्प बसण्याचा. पीएचपीसारख्या भाषेत मागे फिरण्याची मर्यादा ओलांडली की शोध सोडून दिला जातो आणि ‘चूक’ असा निर्देश मिळतो. निष्काळजी प्रोग्राम तो निर्देश आणि ‘एकही आढळ नाही’ हे उत्तर एकाच मापाने मोजतो. मग जी उपाख्याने सर्वांत लांब आणि गुंतागुंतीची, नेमकी तीच गणनेतून गळण्याची भीती असते. अशा गणनेवर उभारलेला कथनशास्त्रीय सिद्धांत कितीही देखणा असला तरी त्याचे मोल काय?

सूत्र आवळावे, आतल्या तुकड्यातून कंस वगळावेत, प्रत्येक अक्षराला एकच वाट ठेवावी, हा अभियंत्यांचा सल्ला योग्यच आहे. स्फोट त्याने टळतो. खोलीचा प्रश्न मात्र उरतो. क्लीनीने मांडलेल्या मूळ अर्थाच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला अमर्याद खोलीचे अंतर्वेशन पेलत नाही. मर्यादित-अवस्था व्याकरणाची हीच उणीव चॉम्स्कीने १९५६ साली दाखवली होती. केन टॉम्सनने १९६८ साली सर्व वाटा एकदम चालणारी, मागे न फिरणारी रीत दिली, पण तीही गती देते, खोली नव्हे. नंतरच्या काही साधनांनी सूत्रातच पुनरावर्तनाची सोय केली. तिच्यामुळे खोली साधते, परंतु मागे फिरण्याचे भय परत येते.

म्हणून सूत्राने फक्त कंस ओळखावेत आणि हिशोब उतरंडीवर सोपवावा. कंस उघडला की एक मडके वर चढवायचे, मिटला की सर्वांत वरचे उतरवायचे. संहितेवरून एकच फेरी पुरते, आणि उतरंडीची कमाल उंची हीच कथेची खोली.

अर्थात कंस कोठे घालायचा, हे यंत्र सांगणार नाही. ‘उवाच’ने निवेदन उघडते, ते कोठे मिटते हे बहुधा पुढच्या ‘उवाच’वरून आणि संदर्भावरून ताडावे लागते, आणि त्यात दोन जाणकारांचे मतही जुळेलच असे नाही. फेरी संपल्यावर एखादे मडके उतरायचे राहिले, तर ते कोणत्या श्लोकाशी चढवले होते याची नोंद हाती असते. अभ्यासकाने त्या श्लोकापाशी परत जावे, आणि ‘आढळले नाही’ असे प्रबंधात लिहिताना शोध शेवटपर्यंत गेला होता की अर्ध्यात सुटला, हेही तेथेच नोंदवावे.