पाच दिवसांचा वायदा

कसोटी सामना पाच दिवसांचा असतो. हा नुसता नियम नव्हे, प्रेक्षकाला दिलेला वायदा आहे! मुदत ठेव मुदतीआधी मोडली तर आम्ही बँकवाले व्याज कापतो. मग तिसऱ्याच दिवशी सामना मोडणाऱ्या फलंदाजांचं काहीच का कापू नये?

२६ ऑक्टोबर २०२४. चौथा शनिवार, म्हणून बँक बंद. दिवाळी तोंडावर. पुण्याच्या कसोटीत न्यूझीलंडविरुद्ध हव्या होत्या ३५९ धावा. इकडे दिंद्रुडात मी टीव्हीसमोर ठाण मांडलेलं. संध्याकाळपर्यंत २४५ वर सगळे बाद! सँटनरचे सामन्यात १३ बळी. २०१२ नंतर प्रथमच मायदेशी मालिका गेली, आणि तिच्यासोबत माझा रविवार.

"अहो, संपलं ना तुमचं? आता माळ्यावरचे डबे काढा."

रविवारभर मी जळमटं झाडली. खेळाडूंना हार पचते, कारण त्यांना माळा झाडावा लागत नाही.

हिचं म्हणणं, "माझ्या कसोटीला ना चहापान, ना चौथा शनिवार." मुद्दा बिनतोड आहे. म्हणूनच म्हणतो, सामना पाच दिवस चाललाच पाहिजे. तो चालू असता तर हा मुद्दा मला ऐकूच आला नसता!