न आलेल्या गिऱ्हाइकाची तक्रार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सांगलीहून वहिनींचा फोन आला. एरवी त्यांचा फोन म्हणजे आधी घरातल्या सगळ्यांची चौकशी आणि मग कामाचे बोलणे. या वेळी त्या थेट कामावरच आल्या.

"भावजी, लोकांना घरचा फराळ नकोसा झालाय का हो? गेल्या वर्षी एव्हाना पन्नासेक मागण्या आल्या होत्या. यंदा अकरा!"

वाचकहो, आमच्या वहिनी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि दिवाळीत फराळ करून विकतात. २०२० साली कोरोनामुळे प्रदर्शने बंद पडली, तेव्हा पुतण्याने त्यांना एक वेबसाइट करून दिली आणि तिच्यावर हा व्यवसाय तगला. त्यांच्या हाताखाली चार बायका आहेत. त्यांच्या घरची दिवाळीही याच फराळावर असते. बेसन, तूप, साखर आधीच भरून ठेवलेली. त्यामुळे वहिनींच्या आवाजातली काळजी खरी होती.

"वेबसाइट नीट उघडते ना?" मी विचारले.

"न उघडायला काय झालं? आत्ताच पाहिली. चुटकीसरशी उघडते."

रविवारी मी सांगलीला गेलो. चहा झाल्यावर कामाला आलेल्या सुमनताईंचा फोन मागून घेतला. पाच वर्षांपूर्वीचा, साधा. घरच्या वायफायला न जोडता अंगणात उभे राहून त्यावर वेबसाइट उघडली. गोल चक्र फिरत राहिले. घड्याळाकडे पाहत मी चाळीस सेकंद मोजले, तरी चित्रांच्या जागा कोऱ्याच.

"आमच्याकडं असंच होतंय, दादा," सुमनताई म्हणाल्या. "मला वाटलं, माझाच फोन जुना."

"मग सांगितलं का नाहीस गं?" वहिनींनी विचारले.

"तुमची वेबसाइट बिघडलीय असं कसं म्हणायचं, ताई?"

सगळे दुखणे या एका वाक्यात होते. ज्याच्याकडे पान उघडत नाही तो तक्रार करत नाही. तो आपल्या फोनला, नाहीतर नेटवर्कला दोष देतो आणि दुसरीकडे जातो. आपल्याला मात्र वाटते, लोकांना आपला माल नकोसा झाला.

मग वहिनींकडेच ते पान चटकन कसे उघडत होते? कारणे दोन. एक, घरात वेगवान फायबर जोडणी. दुसरे, एकदा पाहिलेल्या पानाची चित्रे फोन स्वतःजवळ साठवून ठेवतो. पुढच्या वेळी ती नव्याने मागवावी लागत नाहीत. म्हणून आपली वेबसाइट तपासताना ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडावी. तिथे ही जुनी साठवण वापरली जात नाही आणि नवख्या गिऱ्हाइकाला काय दिसते ते कळते.

आता रोगाचे निदान. गूगलचे 'पेजस्पीड इनसाइट्स' हे साधन फुकट आहे. त्यात वेबसाइटचा पत्ता टाकला की ते मध्यम कुवतीचा फोन आणि मंद नेटवर्क यांची नक्कल करून पान उघडते आणि शंभरापैकी गुण देते. वहिनींच्या वेबसाइटला एकोणीस मिळाले.

"म्हणजे नापास!" वहिनी पुटपुटल्या.

गुणांपेक्षा त्याखालचे आकडे महत्त्वाचे. पडद्यावरचे सर्वांत मोठे चित्र किंवा मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, असा दंडक आहे. ४ सेकंदांच्या पुढे गेले तर ते वाईट समजतात. आणखी एक आकडा पाहावा: सर्व्हरकडून पहिले अक्षर यायला लागलेला वेळ. तो साधारण ०.८ सेकंदाच्या आत हवा.

हा दुसरा आकडा का पाहायचा? खाणावळीत जेवायला उशीर झाला तर दोष स्वयंपाकघराचा की वाढप्याचा, हे आधी ठरवावे लागते. पहिले अक्षरच उशिरा येत असेल, तर दोष सर्व्हरचा किंवा अंतराचा. ते वेळेवर येऊन पुढचे रखडत असेल, तर दोष पानाच्या वजनाचा. वहिनींच्या बाबतीत पहिले अक्षर अर्ध्या सेकंदात येत होते. ज्या कंपनीकडे वेबसाइट ठेवली होती, तिने मात्र दुप्पट पैशांची मोठी योजना घ्या, असा सल्ला दिला होता. ती घेतली असती तर पैसे गेले असते आणि चक्र तसेच फिरत राहिले असते.

अंतराचा मुद्दा मात्र खोटा नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे नुसते जाऊन यायला सेकंदाचा आठवा भाग हवाच, आणि सुरक्षित जोडणी जुळवताना अशा अनेक फेऱ्या होतात. आपले गिऱ्हाईक भारतात असेल तर सर्व्हरही भारतात असावा, किंवा पानाच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणारी सीडीएन सेवा घ्यावी.

पण वहिनींचा खरा गुन्हेगार निघाला फोटो! पुतण्या नोकरीसाठी परदेशी गेल्यावर त्या स्वतःच फोटो चढवत होत्या. नवा फोन, नवा कॅमेरा. एकेक फोटो ४ एमबीचा. पहिल्याच पानावर असे बारा, म्हणजे ४८ एमबी. एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट. सुमनताईंच्या गावात नेटवर्क सेकंदाला ४ मेगाबिट मिळाले असे धरले, तरी नुसत्या फोटोंना ९६ सेकंद लागतील. आणि ४००० ठिपके रुंदीचा तो फोटो फोनच्या वीतभर पडद्यावर दिसणार केवढा? १००० ठिपके रुंदी पुरेशी होते. तेवढी करून वेबपी प्रकारात साठवला की फोटो सुमारे १०० केबीत बसतो. मग तेच बारा फोटो अडीच सेकंदांत येतात. हे काम 'स्क्वूश' या फुकट साधनावर ब्राउझरमध्येच करता येते.

दुसरा दोष होता अक्षरांचा. देवनागरीत जोडाक्षरे पुष्कळ, त्यामुळे शोभेच्या फॉन्टच्या फाइलीही जड. ती फाइल येईपर्यंत मजकूर काही वेळ अदृश्य राहू शकतो. फोनमधल्या साध्या अक्षरांत मजकूर आधी दाखवावा, अशी सूचना एका ओळीत देता येते. तिसरा दोष म्हणजे हौसेने लावलेल्या लुकलुकत्या पणत्या, गप्पांची चौकट आणि भेटी मोजणारे दोन निरनिराळे मोजणीदार. यातला प्रत्येक प्रोग्राम स्वस्त फोनला घाम फोडतो. पणत्या काढताना वहिनींना वाईट वाटले, पण काढल्या.

मग पुतण्याला फोन लावून तीन कामे सांगितली. खालची चित्रे तिथवर पोचल्यावरच यावीत (सर्वांत वरचे चित्र मात्र लगेच). प्रत्येक चित्राची लांबी-रुंदी आधीच नोंदवावी, नाहीतर बटणावर बोट टेकवावे तोच ते खाली सरकते. आणि न बदलणाऱ्या फाइली गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये साठवून ठेवण्याची मुभा सर्व्हरने द्यावी.

इथे एक सावधगिरी सांगतो. सुधारणा केल्यावर केवळ सरासरी वेळ पाहू नका. यूट्यूबमध्ये काम केलेले अभियंते ख्रिस झकरायस यांनी २०१२ साली आपला अनुभव लिहिला आहे. त्यांनी व्हिडिओचे पान १.२ एमबीवरून १०० केबीच्या आत आणले. पण पाहतात तो काय, पान उघडण्याचा सरासरी वेळ चक्क वाढलेला! शोध घेतल्यावर उलगडा झाला. आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, सैबेरिया इथले लोक प्रथमच यूट्यूब पाहू लागले होते. जुन्या पानाला तिथे वीस मिनिटांहून जास्त लागली असती, म्हणून कोणी वाटेलाच जात नव्हते. नवे पान दोन मिनिटांत येत होते आणि तेवढे थांबायला लोक तयार होते. आधी हिशेबातच नसलेली माणसे आता हिशेबात आली, म्हणून सरासरी बिघडली.

आमचे सगळे काम मंगळवारपर्यंत उरकले. खर्च शून्य. सुमनताईंनी अंगणात उभे राहून पुन्हा पान उघडले. चार सेकंदांत चकल्यांचा फोटो आला, तशा त्या हसल्या.

गेल्या वर्षीइतक्या मागण्या काही आल्या नाहीत. मधले दिवस गेले ते गेलेच. पण भरलेले बेसन संपले आणि चौघींना ठरल्याप्रमाणे पैसे मिळाले. तासगावकडच्या एका गृहस्थांनी मागणी नोंदवताना फोनवर सहज सांगितले, "मागच्या महिन्यात तीनदा प्रयत्न केला होता. मग म्हटलं, जाऊ दे."

तेव्हा वाचकहो, आपले दुकान, शिकवणी, दवाखाना, कशाचीही वेबसाइट असो, ती स्वतःच्या फोनवर पाहून समाधान मानू नका. घरात, शेजारी ज्याचा फोन सर्वांत जुना असेल त्याच्या हातात द्या, वायफाय बंद करा आणि घड्याळ लावून गप्प उभे राहा. त्याने "माझाच फोन जुना" म्हटले, तर तीच तक्रार समजा.

वहिनींनी आता नियमच केला आहे. दर महिन्याच्या एक तारखेला सुमनताई आपल्या फोनवर वेबसाइट उघडतात आणि किती सेकंद लागले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवतात.